स्क्रीन रीडरसाठी कीबोर्ड लेआउट: 'डेस्कटॉप' ठेवायचं की 'लॅपटॉप'?



मागचे दोन व्हिडिओ आपण दुकानासाठी लॅपटॉप कसा निवडायचा यावर केले. रॅम, एसएसडी, बॅटरी, वॉरंटी सगळं झालं. पण आपल्या बॅचमध्ये आता असे लोकही येतात ज्यांना स्क्रीन दिसत नाही किंवा फारच अंधुक दिसते, आणि ते सगळा व्यवसाय लॅपटॉप 'ऐकून' करतात. त्यांच्यासाठी लॅपटॉप घेताना रॅमच्या आधी एक प्रश्न येतो: कीबोर्ड कसा आहे, आणि त्यावर स्क्रीन रीडरचं कोणतं लेआउट चालवायचं?

"आम्हाला दिसतं, आमचा काय संबंध" म्हणून पान बंद करू नका. उद्या तुम्ही फोनवर ऑर्डर घ्यायला किंवा स्टॉकची शीट सांभाळायला एखादा दृष्टिहीन मुलगा किंवा मुलगी कामावर घेतलीत, तर तिच्या हातात कोणता कीबोर्ड द्यायचा हे तुम्हालाच ठरवायचं आहे. आणि नॅबचं महाराष्ट्र युनिट आपल्याच नाशकात, सातपूरला आहे. कामाची माणसं शोधायला लांब जायला नको.

आधी लेआउट म्हणजे काय ते

स्क्रीन रीडर म्हणजे स्क्रीनवर जे आहे ते बोलून दाखवणारं सॉफ्टवेअर. विंडोजवर तीन नावं ऐकाल. एक एनव्हीडीए, जे पूर्ण मोफत आहे. २००६ मध्ये ऑस्ट्रेलियात मायकेल करन या स्वतः दृष्टिहीन असलेल्या प्रोग्रॅमरने ते सुरू केलं. दुसरं जॉज, हे विकतचं आहे. लायसन्स नसेल तर ते एका वेळी ४० मिनिटं चालतं, मग कॉम्प्युटर रीस्टार्ट करावा लागतो. तिसरं नॅरेटर, जे विंडोजमध्ये आधीपासूनच असतं. धंदा नवीन आहे, भांडवल कमी आहे, तर माझं सरळ मत आहे की एनव्हीडीएने सुरुवात करा. म्हणून खालची सगळी उदाहरणं एनव्हीडीएची आहेत.

माऊस वापरायचा नाही म्हटल्यावर सगळे हुकूम कीबोर्डवरूनच द्यायचे. "ही ओळ वाच", "सगळं वाच", "कुठल्या विंडोत आहे ते सांग" असे. त्यासाठी एक खास बटण दाबून धरायचं असतं, त्याला एनव्हीडीए बटण म्हणतात. सुरुवातीला ते इन्सर्टवर असतं, आपण सांगितलं तर कॅप्स लॉकवरही येतं. या बटणासोबत कोणतं दुसरं बटण दाबलं की काय होईल, याचे दोन तयार संच आहेत. एकाचं नाव डेस्कटॉप लेआउट, दुसऱ्याचं लॅपटॉप लेआउट. प्रोग्रॅम इन्स्टॉल केल्यावर आपोआप डेस्कटॉपच लागू होतं. बरेच जण ते कधी बदलतच नाहीत, कारण बदलता येतं हेच कोणी सांगितलेलं नसतं.

दोन्हींमध्ये मोठा फरक नमपॅडचा, म्हणजे उजवीकडच्या आकड्यांच्या चौकोनाचा. डेस्कटॉप लेआउटमध्ये स्क्रीन तपासायचं सगळं काम नमपॅडवर असतं. ७, ८, ९ म्हणजे मागची, चालू आणि पुढची ओळ. ४, ५, ६ म्हणजे शब्द. १, २, ३ म्हणजे अक्षर. एका बोटाचं काम, डोक्यात चित्र पटकन बसतं. लॅपटॉप लेआउटमध्ये तेच काम एनव्हीडीए बटण आणि बाणांवर येतं. वर-खाली बाण म्हणजे मागची-पुढची ओळ, डावा-उजवा बाण म्हणजे अक्षर, आणि सोबत कंट्रोल धरला तर शब्द.

धंद्यात हे कुठे नडतं

आता नीट बघा, कारण हा भाग कुठल्याही सॉफ्टवेअरच्या मदत-पानावर तुम्हाला दुकानदाराच्या भाषेत मिळणार नाही.

आपण दुकानदार नमपॅड कशासाठी वापरतो? आकडे टाकायला. दर, नग, रक्कम, मोबाईल नंबर. त्यासाठी नम लॉक चालू लागतो. डेस्कटॉप लेआउटला नमपॅड कशासाठी हवा? वाचायला. त्यासाठी नम लॉक बंद लागतो. म्हणजे एकच चौकोन आणि त्याचे दोन मालक.

समजा एक्सेलमध्ये दराची शीट उघडी आहे. एका सेलमध्ये ४५० लिहिलंय, हळद पावडर, एक किलो. गिऱ्हाईक फोनवर आहे, दर परत ऐकायचा म्हणून तुम्ही नमपॅडवरचं ८ दाबलं. नम लॉक बंद असेल तर "४५०" असं ऐकू येईल. पण मघाशी मोबाईल नंबर टाकताना नम लॉक चालू केला होता आणि तसाच राहिला, तर? एक्सेलमध्ये सेलवर उभं राहून काहीही टाइप केलं की जुना मजकूर जातो आणि नवा बसतो. ४५० गेलं, ८ आलं. एनव्हीडीए "८" असं बोलतं, पण मागे द्वारका सर्कलचे हॉर्न वाजत असतील आणि एका कानात गिऱ्हाईक असेल तर ते "८" कोण ऐकतो? तुम्ही टॅब दाबून पुढे गेलात. आता तुमच्या दरपत्रकात हळद आठ रुपये किलो आहे. आणि तेच पत्रक संध्याकाळी व्हॉट्सॲपवर सगळ्यांना जाणार आहे.

उलटंही होतं. रक्कम ८५० टाकायची आहे आणि नम लॉक बंद आहे. तुम्ही आकडे दाबताय, एनव्हीडीए ओळ वाचतंय, शब्द वाचतंय, आणि सेलमध्ये काहीच जात नाही. ० दाबलं तर तेही टाइप होत नाही, कारण नम लॉक बंद असताना नमपॅडचं शून्य म्हणजे इन्सर्ट, आणि इन्सर्ट म्हणजे एनव्हीडीए बटण. यात नुकसान होत नाही, फक्त वेळ जातो. पहिल्या प्रकारात मात्र पैसे जातात.

(सेलमध्ये चुकून काही पडलंय असं लक्षात आलं आणि अजून एंटर किंवा टॅब दाबलेला नसेल, तर एस्केप दाबा, जुना आकडा परत येतो. दाबला असेल तर कंट्रोल झेड.)

लॅपटॉप लेआउटमध्ये हे भांडणच नाही. वाचायचं काम बाणांवर गेलं, त्यामुळे नमपॅड असलाच तर तो फक्त आकड्यांचा. नम लॉक कायम चालू ठेवा आणि विसरून जा. म्हणून माझं मत असं आहे की तुमच्या लॅपटॉपला नमपॅड असला तरीही, रोज आकडे टाकायचं काम असेल तर लॅपटॉप लेआउटच ठेवा. "नमपॅड आहे ना, मग डेस्कटॉप लेआउट" हा हिशोब ऐकायला बरोबर वाटतो, पण तो ऑफिसात पत्रं टाइप करणाऱ्याचा हिशोब आहे, गल्ल्यावर बसणाऱ्याचा नाही.

दुसरं कारण: लॅपटॉप लेआउट कुठल्याही कीबोर्डवर चालतं. घरचा १४ इंची लॅपटॉप, दुकानातला जुना डेस्कटॉप, मित्राच्या ऑफिसातला पीसी, सगळीकडे कॅप्स लॉक आहे आणि बाण आहेत. डेस्कटॉप लेआउट मात्र नमपॅड दिसला नाही की लंगडं पडतं. एनव्हीडीएची पोर्टेबल प्रत पेन ड्राइव्हवर करता येते आणि तिच्यात तुमच्या सेटिंग्ज सोबत राहतात. तेव्हा एक लेआउट पक्कं करा आणि खिशात घेऊन फिरा.

दोन्ही थोडं थोडं शिकू नका

काही जण म्हणतात, दोन्ही येऊ द्या, काय बिघडतं. बिघडतं. काही जोड्या दोन्हींमध्ये दिसायला सारख्या आहेत आणि काम वेगळं करतात. एनव्हीडीए बटण आणि खालचा बाण घ्या. डेस्कटॉप लेआउटमध्ये याचा अर्थ "इथून पुढे सगळं वाचत जा". लॅपटॉप लेआउटमध्ये अर्थ "पुढची एक ओळ तपास". वरचा बाण घेतला तर डेस्कटॉपमध्ये चालू ओळ, लॅपटॉपमध्ये मागची ओळ. आता कोणी व्हिडिओ बघून डेस्कटॉपचा हुकूम पाठ केला आणि लॅपटॉप लेआउटवर दाबला, तर त्याला चुकीच्या ओळीतला आकडा ऐकू येईल, आणि चुकलंय हे कळणारही नाही. कारण आवाज तर आला! म्हणून कुठलाही व्हिडिओ ऐकताना आधी विचारा, हा शिकवणारा कोणत्या लेआउटवर बोलतोय. बरेचसे डेस्कटॉपवरच बोलतात, कारण ते आपोआप लागलेलं असतं.

लॅपटॉप लेआउटचे पहिल्या आठवड्यात लागणारे हुकूम हे बघा. प्रत्येकात एनव्हीडीए बटण, म्हणजे आपल्यासाठी कॅप्स लॉक, दाबून धरायचं आहे:

सगळं वाच: ए
चालू ओळ, जिथे कर्सर आहे ती: एल
निवडलेला मजकूर: शिफ्ट आणि एस
खिडकीचं नाव: टी
आत्ता कुठे आहे: टॅब
वेळ: एफ १२, पटकन दोनदा दाबलं तर तारीख
बॅटरी: शिफ्ट आणि बी

यातले खिडकीचं नाव, टॅब, वेळ आणि बॅटरी हे दोन्ही लेआउटमध्ये सारखेच आहेत. आवाज मध्येच थांबवायला नुसता कंट्रोल.

एक अजून, हा मी बॅचमध्ये सगळ्यांकडून करून घेतो. कॅप्स लॉक आणि फुलस्टॉप दाबलं की तपासणी कर्सरखालचं अक्षर बोललं जातं. फुलस्टॉप पटकन दोनदा दाबलं तर ते अक्षर शब्दाने फोड करून सांगितलं जातं, म्हणजे बी की डी की पी हा गोंधळ राहत नाही. डाव्या-उजव्या बाणाने एकेक अक्षर पुढे-मागे जा. हे कशाला हवं? सप्लायरचा आयएफएससी कोड ११ अक्षरांचा असतो आणि त्यातलं पाचवं नेहमी शून्य असतं. व्हॉट्सॲपवर पाठवणारा तिथे इंग्रजी ओ टाइप करून पाठवतो. डोळ्यांना ते दोन्ही गोलच दिसतात, दिसणारी माणसंही फसतात. स्क्रीन रीडर मात्र "झिरो" आणि "ओ" वेगळं बोलतं. इथे ऐकणारा माणूस बघणाऱ्यापेक्षा पुढे असतो. जीएसटी नंबरची १५ अक्षरंही अशीच एकेक करून तपासा, विशेषतः पहिल्या बिलाच्या आधी.

अपवाद आहेतच

सरसकट लॅपटॉप लेआउट घ्या असं मी म्हणत नाही. कोणी आधी दोन-चार वर्षं जॉजवर, डेस्कटॉप कीबोर्डवर काम केलं असेल, तर त्याचे हात इन्सर्टला सरावलेले असतात. एनव्हीडीएचं डेस्कटॉप लेआउट त्याला ओळखीचं वाटेल. इन्सर्ट आणि खालचा बाण म्हणजे सगळं वाच, वरचा बाण म्हणजे ओळ, टी म्हणजे खिडकीचं नाव, हे दोन्हीकडे जुळतं. अशा माणसाला कामावर घेताना "आमच्याकडे लॅपटॉप आहे, तू लेआउट बदल" असं म्हणणं म्हणजे चांगल्या कारागिराची हत्यारं काढून घेणं. त्यापेक्षा त्याला नमपॅडवाला बाहेरचा यूएसबी कीबोर्ड आणून द्या. लॅपटॉपच्या किमतीपुढे तो खर्च काहीच नाही. फक्त मग आकडे वरच्या ओळीतून टाकायचे, नमपॅड वाचण्यासाठी सोडायचा, हे पहिल्याच दिवशी ठरवून घ्या.

जॉजचं लॅपटॉप लेआउट एनव्हीडीएच्या लॅपटॉप लेआउटपेक्षा वेगळं आहे हेही लक्षात असू द्या. तिथे कॅप्स लॉकसोबत यू, आय, ओ या ओळीसाठी आणि जे, के, एल या शब्दासाठी असतात. दोन्हींचं नाव एकच आहे म्हणून हुकूमही एकच असतील असं धरू नका. कुठेही ट्रेनिंग घ्यायला जाल तेव्हा दोन प्रश्न विचारा: कोणतं सॉफ्टवेअर, आणि कोणतं लेआउट. घरी तोच संच ठेवा.

दुकानात लॅपटॉप घ्यायला गेल्यावर

एमजी रोडला जा नाहीतर ऑनलाइन घ्या, पण शक्यतो हात लावून घ्या. डेमो पीसवर विंडोज, कंट्रोल आणि एंटर एकत्र दाबा, नॅरेटर बोलायला लागेल. मग कॅप्स लॉक आणि १ दाबा. आता जे बटण दाबाल त्याचं नाव तो सांगेल, पण बटण काम करणार नाही. परत कॅप्स लॉक आणि १ दाबलं की हे बंद होतं. विक्रेता जरा चमकतो, चालतं. पेन ड्राइव्हवर एनव्हीडीए असेल आणि त्यांनी चालवू दिलं तर उत्तमच. तिथेही हीच सोय एनव्हीडीए बटण आणि १ वर आहे.

तपासायचं काय? पहिलं, बाण. बऱ्याच लॅपटॉपमध्ये वरचा-खालचा बाण अर्ध्या उंचीचे, एकमेकांना चिकटलेले असतात. लॅपटॉप लेआउटमध्ये सगळा भार बाणांवर आहे, तेव्हा डोळे मिटून दहा वेळा वर, दहा वेळा खाली करून बघा. बोट चुकलं तर तो पीस सोडा. दुसरं, एफ १ ते एफ १२. अनेक मॉडेलमध्ये ही बटणं आवाज आणि ब्राइटनेससाठी असतात, आणि खऱ्या एफ ७ साठी एफएन दाबावं लागतं. एफएन कायमचं लॉक करता येतं का ते विचारा, नाहीतर प्रत्येक हुकुमाला एक बोट जास्त. तिसरं, इन्सर्ट. लहान लॅपटॉपमध्ये ते डिलीट किंवा प्रिंट स्क्रीनच्या पाठीमागे एफएनसोबत लपलेलं असतं. डेस्कटॉप लेआउट ठेवायचं असेल तर असा पीस घेऊच नका. कॅप्स लॉक वापरणार असाल तर फरक पडत नाही. चौथं, उजवा कंट्रोल किंवा मेनूचं बटण. नव्या काही लॅपटॉपमध्ये त्या जागी कोपायलटचं बटण आलंय. मेनूसाठी शिफ्ट आणि एफ १० चालतं, पण आधी माहीत असलेलं बरं. एफ आणि जे वरचे उंचवटे बोटाला स्पष्ट लागतात का, तेही बघा. काही कीबोर्डवर ते इतके बारीक असतात की नसल्यातच जमा.

सेटिंग कुठे

एनव्हीडीए पहिल्यांदा चालू केलं की स्वागताची खिडकी येते. त्यातच लेआउट निवडायचा पर्याय आहे, आणि कॅप्स लॉकला एनव्हीडीए बटण करायची चौकटही आहे. दोन्ही तिथेच करून टाका. ती खिडकी गेली असेल तर एनव्हीडीए बटण, कंट्रोल आणि के दाबा, कीबोर्डच्या सेटिंग्ज उघडतील. लॅपटॉप लेआउट निवडा, कॅप्स लॉकवर खूण करा, ओके. मग एनव्हीडीए बटण, कंट्रोल आणि सी दाबून सेटिंग जतन करा.

याच खिडकीत टाइप केलेली अक्षरं आणि शब्द बोलावेत का हेही आहे. आकड्यांचं काम असेल तोवर अक्षरं बोलणं चालू ठेवा. वेग थोडा कमी होतो, पण पडलेला प्रत्येक आकडा कानावर येतो.

मराठी टाइप करताना

इथे 'लेआउट' हा शब्द दुसऱ्या अर्थाने येतो, गल्लत करू नका. स्क्रीन रीडरचं लेआउट वेगळं आणि मराठी टायपिंगचं लेआउट वेगळं. विंडोजमध्ये मराठीसाठी इनस्क्रिप्ट आहे आणि फोनेटिकही आहे. फोनेटिकमध्ये इंग्रजी अक्षरांत लिहायचं आणि येणाऱ्या सुचवण्यांतून शब्द निवडायचा. ज्याला दिसतं त्याला हे सोपं. जो ऐकतोय त्याला प्रत्येक शब्दाला सुचवण्यांची यादी ऐकत बसावी लागते. इनस्क्रिप्टमध्ये एक बटण म्हणजे एक अक्षर किंवा एक चिन्ह. डाव्या हाताला स्वर, उजव्या हाताला व्यंजनं. इंग्रजी के वर क, शिफ्टसोबत ख. डी वर हलन्त, त्यामुळे जोडाक्षर हाताने बांधायचं. दाबलं ते ऐकलं, ऐकलं ते लिहिलं गेलं. पहिले पंधरा दिवस कंटाळवाणे जातात, पण ऐकून काम करणाऱ्याने इनस्क्रिप्टच शिकावं असं मला ठामपणे वाटतं.

भाषा बदलायला विंडोज आणि स्पेस. ब्राउझरमध्ये एच दाबून मथळ्यावर जा, बी दाबून बटणावर जा, अशा कामांच्या आधी परत इंग्रजीवर यायची सवय ठेवा. एनव्हीडीएसोबत येणाऱ्या ईस्पीक आवाजात मराठी आहे. आवाज यंत्रासारखा आहे, पहिल्या दिवशी कोणालाच आवडत नाही. पण वेग वाढवला तरी तो शब्द खात नाही, आणि दरपत्रक वाचायला तेवढं पुरतं.

घरात लॅपटॉप एकच असेल तर

आपल्याकडे सहसा असंच असतं. दिवसा धंदा, रात्री पोरांचा अभ्यास. कॅप्स लॉक एनव्हीडीए बटण झालं की ते एकदा दाबून मोठी अक्षरं चालू होत नाहीत. मग भाऊ किंवा वहिनी म्हणते, कीबोर्ड बिघडला, आणि कोणीतरी तो रिपेअरला नेऊन टाकतं. घरच्यांना एवढंच सांगून ठेवा: मोठी अक्षरं हवी असतील तर कॅप्स लॉक पटकन दोनदा दाबायचं. बोलणं नको असेल तर एनव्हीडीए बटण आणि क्यू दाबून बाहेर पडायचं, आणि उठताना कंट्रोल, ऑल्ट आणि एन दाबून ते परत चालू करून ठेवायचं.